कान देऊन ऐकणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आपल्याकडे आजवर संगोपन, आरोग्य, बचत, उन्हाळी वाळवण असे विषय झाले. यंदा कार्यकारिणीने मला संगीतावर बोलायला सांगितले, तेव्हा मी भावगीतांवर नाहीतर अभंगांवर बोलेन अशी पुष्कळ जणींची समजूत झाली असेल. त्या विषयांवर बोलणारी जाणती माणसे पुष्कळ आहेत. मी आज ज्या संगीताबद्दल बोलणार आहे, त्यात बहुधा शब्द नसतात, कित्येकदा ताल नसतो आणि कधी कधी गुणगुणता येईल अशी चालही नसते. "मग त्यात राहिले काय?" असे कुणी विचारील. जे राहते, त्याचीच ओळख आज करून द्यायची आहे.

या संगीताला इंग्रजीत दोन नावे आहेत. एक ॲम्बियंट, म्हणजे खोलीतल्या हवेसारखे किंवा उदबत्तीच्या वासासारखे आपल्याभोवती दरवळत राहणारे संगीत. दुसरे एक्स्पेरिमेंटल, म्हणजे प्रयोगशील. एखादी सुगरण हाताशी आहे ते घेऊन नवा पदार्थ करून पाहते आणि तो कसा होईल हे तिलाही आधी ठाऊक नसते, तसे हे. यातले बहुतेक कलावंत स्वतंत्र असतात. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करायचे आणि स्वतःच ते रसिकांपर्यंत पोचवायचे, अशी त्यांची रीत. आपल्या भागात हळद बाजारात गेली की मध्ये अडत आली, तोलाई आली. तीच हळद बचतगटाने दळून, पुड्या बांधून थेट गिऱ्हाइकाला दिली, म्हणजे माल आपला, भाव आपला आणि नावही आपले. स्वतंत्र कलावंताचे तसेच आहे. कमाई थोडी असते, पण वाजवायचे काय हे दुसरा कुणी ठरवत नाही.

हे सगळे परदेशी खूळ आहे असे मात्र समजू नका. आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी जाते ओढले आहे. जात्यावर बसलेली बाई आधी जात्याची घरघर ऐकते आणि त्या घरघरीवर ओवी मागाहून येते. वैरण ज्वारीची आहे की डाळीची यावर आवाज बदलतो, नव्याने टाकी लावलेले जाते वेगळे बोलते. पहाटेच्या अंधारात तो एकसारखा आवाज घरभर पसरायचा, पोरे त्यातच झोपलेली असायची, आणि बाई त्याच्या आधाराने आपले सुखदुःख मोकळे करायची. हेमा रायरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने कित्येक बायकांच्या गळ्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७ पासून त्या ओव्या 'परी' या संस्थेने सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या केल्या आहेत. त्यात शब्द तर मोलाचे आहेतच, पण शब्दांच्या खाली जे जाते घरघरते, तेही कान देऊन ऐकावे. आजच्या भाषणाची गुरुकिल्ली तिथे आहे.

दुसरे उदाहरण तंबोऱ्याचे. मिरजेचा तंबोरा देशभर नावाजलेला, २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्यावर कुणी चाल वाजवत नाही. चार तारा एकामागून एक छेडायच्या, एवढेच काम. पण तार आणि घोडी यांच्यामध्ये एक बारीक दोरा सरकवून जवारी लावली की त्याच तारांतून सुरांचे मोहोळ उठते. त्या दोऱ्याला कारागीर 'जीव' म्हणतात! मैफलीत आपण गवयाकडे पाहतो आणि मागे बसून तंबोरा छेडणाऱ्या शिष्येकडे आपले लक्ष जात नाही. पुढच्या वेळी पाच मिनिटे केवळ तंबोराच ऐकून पाहा. स्वर एकच, पण त्यात केवढी हालचाल असते हे कळून येईल.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी अंगणातले. नरसी नामदेव आपल्या जिल्ह्यात, म्हणून सप्ताह आपल्याला नवा नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारा बदलतो, गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, नाद तुटत नाही. रात्री दोन वाजता मंडपात चार माणसे असोत नाहीतर कुणीही नसो, वीणा चालूच. आता हे ऐका. जर्मनीत हाल्बरश्टाट गावातल्या एका जुन्या चर्चमध्ये २००१ साली जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची एक रचना ऑर्गनवर सुरू झाली आहे. रचनेच्या नावातच ती शक्य तितकी सावकाश वाजवावी असे सुचवले आहे. तेथील लोकांनी ती ६३९ वर्षे वाजवायची असे ठरवले, म्हणजे ती २६४० साली संपेल. आरंभीचे सुमारे दीड वर्ष तर नुसता विराम होता. आता काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी एक स्वर बदलतो आणि तो बदल ऐकायला दूरदूरचे लोक जमतात. हे वाचून कुणाला हसू येईल. पण सप्ताहातली वीणा ज्याने पाहिली आहे, त्याला हे परके वाटायचे कारण नाही.

याच जॉन केजच्या जीवनात आपल्या देशातली एक स्त्री फार महत्त्वाची ठरली. तिचे नाव गीता साराभाई. अहमदाबादच्या प्रसिद्ध साराभाई घराण्यातली ही मुलगी गायन शिकली आणि पुरुषांचे म्हणून समजले गेलेले पखवाज हे वाद्यही गोविंदराव बऱ्हाणपूरकर यांच्याकडे शिकली. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर परिणाम होत आहे, तेव्हा ते मुळापासून समजून घ्यावे, या हेतूने १९४६ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली. तिथे तिची केजशी गाठ पडली. शिकवणीचे काय घ्याल, असे विचारले तेव्हा केजने पैसे नाकारले आणि तुम्ही मला हिंदुस्थानी संगीत शिकवा, मी तुम्हाला आमचे शिकवतो, असा सौदा ठरवला. काही महिने हे चालले. संगीत कशासाठी, असे केजने विचारले, तेव्हा गीताबाईंनी आपल्या गुरूंची शिकवण सांगितली. मन शांत व निवळ व्हावे, म्हणजे दैवी प्रेरणा त्यात उतरू शकतील, असा तिचा आशय होता. केजने ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगितली. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर अडकवून त्याने त्या काळात ज्या रचना केल्या, त्यांच्या मुळाशी आपल्या रसशास्त्रातले नऊ रस होते.

मग आली ती गाजलेली रचना. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक इथे डेव्हिड ट्यूडर हा वादक पियानोपुढे बसला, त्याने झाकण मिटले आणि चार मिनिटे तेहतीस सेकंद काहीच वाजवले नाही. सभागृह रानाला लागून होते. वारा ऐकू आला, छपरावर पावसाचे थेंब पडले, माणसे चुळबुळली, काहीजण रागावून उठूनही गेले. केजचे म्हणणे एवढेच होते, की हेही ऐकण्यासारखे आहे. त्याआधी तो एका विद्यापीठातल्या पूर्ण निःशब्द खोलीत बसला होता आणि तिथेही त्याला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि एक खर्जातला. ते आपल्याच शरीराचे आहेत असे त्याला सांगण्यात आले. जिवंत माणसाला संपूर्ण शांतता मिळत नाही! आपल्याकडे मौनाचे व्रत आहे. मौन धरणारी बाई पहिल्या दिवशी बोलायचे थांबते आणि दुसऱ्या दिवसापासून ऐकू लागते, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना केजचे म्हणणे चटकन पटेल.

पुढे हाच डेव्हिड ट्यूडर १९६९ साली अहमदाबादला आला. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत गीता साराभाईंच्या पुढाकाराने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला आणि त्यात मूग नावाचे स्वरनिर्मितीचे यंत्र बसले. त्या काळी ते जगातही थोड्याच ठिकाणी असेल. जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा यांनी त्यावर प्रयोग केले, गीताबाईंनीही केले. काही वर्षांत ते काम थांबले आणि फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. कुणाला फारशी आठवणही राहिली नव्हती. पॉल पर्गस या ब्रिटनमधल्या संगीतकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांची निवड प्रसिद्ध झाली. अर्धशतकानंतर त्या फितींना श्रोते मिळाले.

मुंबईतले चरणजित सिंग यांचीही कथा अशीच. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे हे गृहस्थ. १९८२ मध्ये त्यांनी नवी जपानी यंत्रे हाताशी घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. ती फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या रसिकांनी कौतुक केले, कारण पुढे परदेशात ज्या प्रकारच्या संगीताची लाट आली, त्याच्याशी तिचे विलक्षण साम्य होते. उतारवयात त्यांना परदेशातल्या कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये ते वारले. या दोन्ही हकिकतींत शिकण्यासारखे काय? कलावंत आपले काम करतो, पण ऐकणारा मिळाला नाही तर ते काम कपाटात पडते. श्रोत्याचेही कर्तव्य असते. शोधून ऐकणे, आवडले तर दुसऱ्याला सांगणे, शक्य असेल तर चार पैसे देणे, हे ते कर्तव्य.

आता ॲम्बियंट या शब्दाकडे वळते. फ्रान्समधल्या एरिक साती याने १९१७ च्या सुमारास 'फर्निचरसारखे संगीत' अशी कल्पना मांडली. ८ मार्च १९२० रोजी पॅरिसमध्ये नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवले गेले, तेव्हा लोक बोलणे थांबवून ऐकायला बसले आणि साती बिचारा "बोला, फिरा, ऐकू नका" म्हणत त्यांच्यामधून हिंडू लागला! पुढे १९७५ च्या आरंभी इंग्लंडमधला ब्रायन ईनो अपघातानंतर अंथरुणावर पडून होता. एका मैत्रिणीने जुन्या हार्पवादनाची तबकडी आणून दिली. ती लावून तो आडवा झाला, पण आवाज फार बारीक होता आणि उठण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. पावसात मधूनच हार्पचा एखादा स्वर ऐकू येई. संगीत भोवतालात असे मिसळूनही असू शकते, हे तेव्हा ध्यानात आले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. १९७८ मध्ये त्याने विमानतळासाठी केलेली तबकडी निघाली आणि तिच्या नावात ॲम्बियंट हा शब्द आला. तिच्यातल्या एका भागात एक गायलेला स्वर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा सुमारे सव्वीस सेकंदांनी, तिसरा सुमारे तीस. म्हणून ते पुनःपुन्हा येतात, पण त्यांची गाठ दरवेळी निराळी पडते. सकाळी आपल्या घरात कुकरची शिट्टी, नळाचे पाणी, शाळेची घंटा आणि दूधवाल्याची हाक यांची जशी रोज निराळी गाठ पडते, तसेच ते.

मंडळाच्या दृष्टीने मला सर्वांत जवळची वाटते ती अमेरिकेतली पॉलीन ऑलिव्हेरोस. १९७० च्या सुमारास तिने काही बायका एकत्र करून ऐकण्याचा अभ्यास सुरू केला. वर्तुळ करून बसायचे, आधी आपला श्वास ऐकायचा, मग श्वासातूनच हळूहळू स्वर येऊ द्यायचा आणि शेजारणीचा स्वर ऐकायचा. गाता येण्याची अट नाही. १९८८ मध्ये ती दोन सोबत्यांसह जमिनीखालच्या एका रिकाम्या प्रचंड पाण्याच्या टाकीत उतरली. तिथे एक स्वर काढला की तो सुमारे ४५ सेकंद घुमत राही. तिथल्या वादनाची तबकडी आजही ऐकायला मिळते. औंढ्याला नागनाथाच्या तळातल्या लहानशा गाभाऱ्यात उतरताना आपला आवाज आपोआप खाली येतो, कारण तिथे आपलाच शब्द आपल्याला वेगळा ऐकू येतो. जुन्या बारवेत हाक मारलेल्या मुलींनाही हे ठाऊक आहे. ऑलिव्हेरोसने या अनुभवाची साधना केली एवढेच.

मंडळात याविषयी बोलणे निघाले, तेव्हा काही भगिनींनी रास्त शंका काढल्या. पहिली शंका, हे नुसते आवाज आहेत, यात विद्या कुठली? मी एवढेच म्हणेन, की या प्रकारात टाकाऊ मालही पुष्कळ आहे. यंत्राचे बटण दाबून ठेवले की संगीत झाले, असे समजणारे आहेत आणि कंटाळवाण्या गोष्टीला गूढ नाव देणारेही आहेत. निवड करावी लागते. माझी कसोटी साधी आहे. दहा मिनिटे ऐकून झाल्यावर कान अधिक तल्लख झाला का? दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्या वेळी न दिसलेले काही सापडले का? दोन्हींचे उत्तर नाही असेल तर ती ध्वनिफीत खुशाल बाजूला ठेवावी. कुणाच्या मोठ्या नावाला भिऊ नये.

दुसरी शंका, बायकांना एवढा वेळ आहे कुठे? ही शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. घरातले प्रत्येक माणूस आपल्याला ऐकवत असते. सासऱ्यांचे औषध, मुलांचा डबा, टीव्हीवरच्या बातम्या. आपण दिवसभर ऐकतो, पण दुसऱ्याने लावलेले ऐकतो. काय ऐकायचे हे स्वतः ठरवून वीस मिनिटे बसलेली बाई आपल्या ओळखीत किती जणी आहेत, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे. वेळ नाही म्हणूनच ही सवय लावली पाहिजे.

ती लावायची कशी, तेही सांगते. मोबाइल बहुतेक घरी आहे. मुलीसुनांची मदत घ्यावी. बँडकॅम्प नावाची एक जागा २००८ पासून आहे. तिथे जगभरचे स्वतंत्र कलावंत आपले संगीत ठेवतात, किंमत स्वतः ठरवतात, आणि पुष्कळसे विकत घेण्याआधी ऐकताही येते. आरंभी एकच रचना निवडावी आणि पूर्ण ऐकावी. आवाज इतका लहान ठेवावा की खिडकीबाहेरची चिमणीही ऐकू येईल. ऐकताना बोलू नये, शेंगा सोलायला हरकत नाही. झाल्यावर वहीत दोन ओळी लिहाव्या. आठ दिवसांनी तीच रचना पुन्हा ऐकावी. आवडली तर त्या कलावंताने कुणाबरोबर काम केले, कोणत्या लहान संस्थेने ती काढली ते पाहावे, म्हणजे एका दोऱ्याला धरून दुसरा हाती येतो.

आता गावातल्या आवाजाबद्दल थोडे कटू बोलते. मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत भिंतीएवढे भोंगे लावतात, घराची तावदाने थरथरतात, तान्ही मुले दचकून उठतात, हृदयविकाराची माणसे उशीत डोके खुपसून बसतात. २००० सालच्या नियमांप्रमाणे, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे आणि वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण नियम पाळायला आधी कान जागा असावा लागतो. ज्याला बारीक आवाजाची गोडी लागली, त्याला ढणढणाट आपोआप नकोसा होतो. नुसत्या तक्रारीने जे साधत नाही, ते सवयीने साधेल असा मला विश्वास आहे.

आणि आपल्या जिल्ह्याला तर शांततेचा मान मिळाला आहे. औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. तिच्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेले हे यंत्र आकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. अशा लहरी प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपल्या गेल्या. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, त्याची ती खूण. त्या लहरींचे शास्त्रज्ञांनी ध्वनीत रूपांतर केले, तेव्हा चिमणीच्या चिवचिवाटासारखा क्षणभराचा आवाज ऐकू आला. असे यंत्र उभारायला जमीन स्थिर लागते, हादरे थोडे लागतात. शास्त्रज्ञांनी देशभर जागा पाहिल्या आणि आपली जमीन निवडली. ज्या मातीची शांतता एवढी मोलाची ठरली, तिथल्या माणसांनी ती भोंग्यांखाली गाडावी, हे शोभत नाही.

म्हणून मंडळापुढे मी दोन सूचना ठेवते. पहिली, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी एक तास 'श्रवणाचा तास' ठेवावा. भजनाची वेळ तशीच राहील, भिशीचीही राहील. त्या तासात एक नवी रचना आणि एक आपल्या मातीतली ऐकावी. दुसरी सूचना जरा तातडीची आहे. आपल्या गल्लीत जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या ज्या आजी उरल्या आहेत, त्यांचा आवाज यंदाच मोबाइलवर घेऊन ठेवावा, आणि शक्य असेल तिथे जाते फिरते ठेवूनच घ्यावा. माळ्यावरचे जाते खाली काढायला दोन गडी पुरतात. आजी गेल्यावर तो गळा परत कुठून आणायचा? अहमदाबादच्या फिती निदान कपाटात शिल्लक होत्या. आपल्याकडे तर त्याही नाहीत.

या दोन्ही सूचना मंजूर व्हाव्यात अशी माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे.